कडीची उंची

प्रिय धाकट्या,

रविवारी तुला व्यसनमुक्ती केंद्रातून आणायला मी येणार नाही, आपल्या गल्लीतला न्हावी येईल. त्यानं स्वतः दारू सोडलीय. वाटेवरचे गुत्ते त्याला तोंडपाठ. कुठून वळसा घालायचा ते तोच जाणे.

त्या दुपारचं काही आठवत नाही म्हणालास, म्हणून नीट सांगतो. आतल्या खोलीचं दार तू माझ्या लाकूड तासायच्या वाकसानं फोडलंस. फुटक्या फळीतून हात घालून बायकोचे केस धरलेस आणि तिचं तोंड चौकटीवर आपटत राहिलास. तिचा दात तुटून उंबऱ्यात पडला. मी मध्ये पडलो तर माझ्याच पेटीतली पाऊण इंची पटाशी माझ्या तळहातातून आरपार घातलीस. मग मीही तू आडवा होईपर्यंत तुला फळीनं बडवलं. तुझी लेक, छोटी, पलंगाखाली होती. शेजारी टीव्हीचा आवाज वाढत होता.

माझी दोन बोटं अजून वळत नाहीत. तरी दार मीच दुरुस्त केलं. सुतारकी मला कुणी शिकवली नाही, पण सांधा असा बसवला की नख अडकणार नाही. तुझी बायको म्हणाली, "भाऊजी, फारच सुबक झालंय. जणू काही घडलंच नाही." छोटी त्या खोलीत पाऊल टाकेना. मला राग आला. तिला त्या दाराचीच भीती आहे हे उमगल्यावर दार उतरवलं.

केंद्रातल्या ताईंच्या सांगण्यावरून न्हाव्याच्या दुकानात सगळे बसलो, ज्यानं त्यानं आपलं काम उचललं. शेजारची शिंपीणबाई म्हणाली, आता ओरडा ऐकला की टीव्ही बंद; कात्री हातात असेल तर कात्रीसकट येईन. न्हावी म्हणाला, संध्याकाळी तो माझ्या खुर्चीत, फार तर रोज दाढी होईल मेल्याची. तुझी बायको हसली, तोंडावर हात न धरता. मग तिनं आपली अट सांगितली.

ती कळवायलाच हे पत्र. दार भिंतीला टेकवून ठेवलंय, तीच पटाशी धार लावून ठेवलीय. घरात आलास की आधी ते दार तू बसवायचं. बसवताना दार मी धरीन. आतून कडीही तूच ठोकायची, तुला बाहेर ठेवणारी. मान्य नसेल तर न्हाव्याबरोबर निघू नकोस. आणि मापात चूक नको. कडी नेहमीच्या उंचीवर नाही, छोटीचा हात पोचेल तिथे. खुणेसाठी तिला दाराशी उभं राहावं लागेल. ती लगेच जवळ येणार नाही. थांब. पेन्सिल तिच्याच हातात दे.

तुझाच,
दादा