मीटर सुमतीच्या नावावर

३ एप्रिल
सोलरवाल्या मॅडम येऊन गेल्या. गच्चीचं मोजमाप. नंतर सुमतीच्या खोलीत बसलो. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर, म्हणून त्या मोठ्याने बोलत होत्या. "पाच वर्षांत पैसे वसूल, सर. पुढची वीस वर्षं फुकट." सुमती पलंगावरून: "अहो, विचारा त्यांना, त्या पाच वर्षांत मलाही धरलंय का." मॅडम हसल्या. मग थांबल्या.

७ एप्रिल
मीटर सुमतीच्या नावावर. सोलरच्या अर्जावर सही तिचीच लागणार. ती अर्ज हातात घेत नाही. "डॉक्टर माझं किती म्हणाले ते सांगत नाही. पॅनेलची पंचवीस वर्षं मात्र सांगताय."
मी चहा टाकला.

१० एप्रिल
शनिवारी देखभालीसाठी वीज बंद, दहा ते तीन. आपला जुना इन्व्हर्टर मशीन अर्धा तास ओढतो. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच. समोरच्या अशोकच्या गच्चीवर गेल्या वर्षीपासून पॅनेल. मशीन त्याच्याकडे न्यायचं, मग सुमतीला. चाळीस पावलं. आधी विचारायला कशाला जायचं. ऊन तर सगळं त्याच्याच घरावर.

१२ एप्रिल, शनिवार
साडेदहाला इन्व्हर्टर ओरडायला लागला. सुमतीला सिलिंडर लावून मशीन ओढत रस्ता ओलांडला. अशोक बनियनवर दारात, पेपरने वारा घेत. वर पॅनेल लखलखत होती.
"सर, हिकडं कशाला आनलं? आमच्याकडं बी न्हाई."
"आणि ही वरची पॅनेल?"
"लाईट गेली की ही बी बंद पडत्यात. बाहेरच्या तारेत करंट जाऊन वायरमन चिकटू नये म्हून. बसवल्यावर कळलं. कुनाला सांगत न्हाई, लोक हसत्यात."
मशीन परत ओढत आणलं. वीज चारला आली. तोवर सिलिंडरचा काटा बघत होतो. सुमती मला बघत होती.

१५ एप्रिल
मॅडमना फोन. बॅटरीवाली घेतली तर वीज गेल्यावरही चालेल. खर्च जवळजवळ दुप्पट. हे आधी का नाही सांगितलंत?
"सर, तुम्ही बिलाचंच विचारलं होतं."
खरं आहे. बिलाचंच.

१८ एप्रिल
सुमती बॅटरीला नाहीच म्हणते. "पैसे राहू द्या. मागं राहील त्याला जेवायला लागतं. तुम्हाला तर भाकरी पण येत नाही." बॅटरीची दहा वर्षं मी तिला सांगितली नाहीत. अर्ज औषधांच्या डब्याखाली.

२४ एप्रिल
सिलिंडर भरायला दिला. उद्या संध्याकाळी मिळेल.

२५ एप्रिल
मिळाला नाही. दुकानदार: सोमवारी. श्रीरामपुरात आणखी तीन ठिकाणी विचारलं. वीज ऑफिसात फोन केला. उद्या बंद नाही, म्हणाले. दोनदा विचारलं.

२६ एप्रिल, शनिवार
११.०५. गेली. ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही. अशोक मोटारसायकलवर सिलिंडर आणायला राहात्याकडे गेला. अॅम्ब्युलन्सला सांगितलंय, येते म्हणाले.

११.३०. इन्व्हर्टर ओरडतोय. सुमतीचा हात धरून बसलोय, उजव्या हाताने लिहितोय. नाहीतर काय करू.

११.४०. मशीन बंद. खोलीत इतकी शांतता दोन वर्षांत नव्हती. सुमतीने डब्याकडे बोट केलं. अर्ज काढून दिला, पेन दिलं. टोपण तिच्याने निघेना, मी काढलं. नखं निळसर. अर्ज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
"कुठं करायची सही? लाइट लावा ना. दिसत नाही."
खिडकी उघडी आहे. अर्जावर ऊन आहे.