भरदुपारची एकटी गाडी

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही ‘जेवली काय?’ एवढं विचारता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहिते आहे. उभ्या उभ्या वाचून खिशात कोंबू नका. चष्मा लावून, बसून वाचा.

बंदरातल्या ऑफिसात माझं बरं चाललं आहे. ट्रकसाठीचा नवा दर साहेबांच्या सहीने लागला, पण आकडेमोड आपल्या आचलची, हे तुम्ही तिरोड्यात इतक्यांना सांगितलंत की केवलरामकाका मला बंदराची मालकीणच समजतात. गोष्ट साधी होती. दिवसा फाटकातून आत जाणाऱ्या ट्रकला जास्त पैसे, रात्री कमी, म्हणजे सगळे एकदम येणार नाहीत. माझ्या लहानपणी पोळा असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, तुम्ही तांदळाची गाडी घेऊन बंदराच्या रांगेत अडकलेले. ती रांग मोडायची हे मी तेव्हाच मनात धरलं होतं.

रांग मोडली. फाटकासमोरचा रस्ता आता मोकळा असतो. पण परवा बसने येताना अलीकडच्या माळावर ट्रकच ट्रक दिसले. ड्रायव्हर उन्हात बसलेले, ना पाणी ना संडास, अंधार पडायची वाट बघत. जादा दर मालकाला पडतो, म्हणून मालक दिवसा आत जाऊ देत नाही. म्हणजे मी रांग फक्त नजरेआड नेली. माझ्या तक्त्यात त्या माळाला रकानाच नव्हता, याची फार लाज वाटली. तुम्ही तर कधी बोलला नाहीत. त्याच माळावर बसून पोरीचं कौतुक सांगत राहिलात.

काल आईचा फोन आला. तुमच्या मालकाने, रामलालसेठने तुम्हाला गाडीवरून उतरवलं म्हणाली. बजावूनही तुम्ही भरदुपारी गाडी आत घातलीत. आई म्हणाली, “सेठचं कधी मोडलं नाही त्यायनं. काऊन गेले असतीन?” मला माहीत आहे. मी दिवसाच कामावर असते. गाडी आत घालायच्या आदल्या दिवशी तुम्ही वाटेतून फोन करून विचारलं होतंत, “तुह्या खिडकीतून फाटक दिसते काय वं?” मी घाईत हो म्हणून फोन ठेवला.

शनिवारी मी घरी येते आहे. पोरगी कामात होती, तिला दिसलं नसेल, असं समजून तुम्ही मला माफ करून टाकाल, म्हणून त्याआधी हे पत्र. दिसलं होतं, बाबा. मी बाहेरून आलेल्या साहेबांना खिडकीतून रिकामा रस्ता दाखवत होते, तेवढ्यात तुमची एकटी गाडी आली. तुम्ही उतरलात, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलंत आणि एकेक खिडकी बघत हात हलवलात. एका साहेबांनी विचारलं, या वेळी जास्त पैसे भरून येणारा हा कोण वेडा? सगळे हसले. मीही हसले.

तुमचीच,
आचल