पाच मजले आणि एक पट्टा

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला (आणि त्याहून जुना त्यांचा स्वभाव) कसा आहे? आम्ही इकडे मजेत, म्हणजे माझे पाय सोडून बाकी सगळं.

पायांचं कारण तुझी भाची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची सख्खी मुलगी, वय वर्षं आठ, आणि तीन आठवडे झाले, लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही! दप्तर पाठीला लावून पाचव्या मजल्यापर्यंत टणाटण चढते, मागून मी धापा टाकत. तिची आई म्हणाली, तिला विचारून तरी बघ. पण मला समजावण्याची कोण हौस! पोरीला लिफ्टच्या मशीनच्या खोलीत नेलं, ब्रेक दाखवला, एक दोर तुटला तरी बाकीचे वजन कसं पेलतात ते खडूनं भिंतीवर काढून दाखवलं (वॉचमननं नंतर मलाच पुसायला लावलं). तिनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि जिन्यानं खाली गेली. त्यात परवा शेजारच्या आजोबांची तक्रार आली, की ही लिफ्टच्या दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यानं जायला लावते. मग मात्र म्हटलं, आज छडा लावायचाच. चौथ्या मजल्याच्या पायरीवर तिच्याशेजारी बसलो (निम्मं ठरवून, निम्मं दम लागून) आणि जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाबा, लिफ्ट कमी वापरली तर कमी बिघडेल ना? मग तुला आत उतरावं लागणार नाही."

मागे कामावर लिफ्टच्या बोगद्यात उतरताना माझा पाय घसरला होता, ते मी तिच्या आईला हसत हसत सांगितलं होतं. पोरीनं ते ऐकलं होतं. ताई, लेक माझ्यासाठी जिने चढत होती आणि मी तिला दोर शिकवत बसलो होतो. यापुढे आधी तिचं ऐकायचं, मग बोलायचं, ठरलं म्हणजे ठरलं. तिला सांगितलं, अगं, माझ्या कमरेला पट्टा असतो, तो वर अडकवलेला असतो, बाबा पडत नाही. तेव्हा कुठे माझा हात घट्ट धरून लिफ्टनं वर आली.

तुझाच,
धाकटा

ता. क. तुम्ही घर बदललंत तेव्हा भाऊजींनी माझ्याकडून नेलेला आणि दोन वर्षं तुझ्या डगमगत्या कपाटाला आवळलेला तो पट्टा, तोच हा. गुडघ्याची चौकशी मनापासूनच आहे, पण पत्र पट्ट्यासाठी आहे, तो सोडवून लगेच पाठव.

आणखी एक ता. क. तिला पट्टा बघायचाय. सोमवारी दाखवतो म्हटलंय. तोवर कामावर जाणार नाही, साहेबांना पाठीत उसण भरल्याचं कळवलंय. कपाट पडलं तर पडू दे.