खांबाला बांधलेला रुमाल

आर्विन, ११ जून

ती. एडेल्मिराताईस लिब्रादोचा सा. न. वि. वि.

उन्हापासून जपायचं कसं ते सांगणारी, तुमच्या खात्याची तुझी चित्रं पोचली. जेवणाच्या सुट्टीत द्राक्षवेलींच्या सावलीत सगळ्या टोळीला दाखवली. वाचता न येणाऱ्यालाही ती कळली पाहिजेत म्हणतेस ना, मग ऐक. घाम गाळणारा तुझा माणूस पाहून नासारियोमामा म्हणाला, बिचाऱ्याची बायको पळालेली दिसते, किती रडतोय! तापमापी तोमासाकाकूला तिखट सॉसची बाटली वाटली. आरोग्य खात्यातल्या लोकांनी ऊन कधी पाहिलंय का, असंही तिने विचारलं. मी ऐटीत सांगितलं की माझी ताई तिथेच आहे आणि तीही लहानपणी द्राक्षं तोडायची, तिला नावं ठेवायची नाहीत.

पाणी प्या, सावलीत बसा, हे आम्हालाही कळतं गं. पण बसलं की पेट्या कमी भरतात, आणि पेट्या कमी भरल्या की मुकादम दुसऱ्या दिवशी गाडीत घेत नाही. म्हणून आमच्या टोळीची एक खूण आहे. चक्कर आली की ओळीच्या टोकाच्या खांबाला रुमाल बांधायचा, गाठीची टोकं सशाच्या कानांसारखी वर, आणि वेलीखाली आडवं व्हायचं. शेजारच्या ओळीतले त्याच्या पेट्या भरतात. मुकादमाला वाटतं, घामाचा रुमाल वाळतोय. मागच्या आठवड्यात मीच पडलो होतो, त्या रुमालाने वाचलो. हे फक्त तुला सांगितलं, तुझ्यापाशीच ठेव. आईला तर मुळीच कळवू नकोस.

तुझ्या हातचे मक्याच्या पानात उकडलेले तामाले कधी खायला मिळणार? लोभ आहेच, तो तामाल्यांसकट वाढावा.

तुझा लिब्रादो


साक्रामेंटो, २ जुलै

चि. लिब्रादोस अ. आ.

तुम्ही हसलात ते बरं झालं. घामाचे थेंब डोळ्यांपासून काढून मानेवर नेले, आता कुणाची बायको पळणार नाही. आमची चित्रपेटी तयार झाली. कुठल्याही दवाखान्याने तीतली हवी ती चित्रं उचलावीत आणि आपल्या लोकांसाठी तक्ता जुळवावा. पहिला तक्ता छापून तुमच्याच खोऱ्यात पाठवलाय. त्यात एक गंमत आहे, पाहताच ओळखशील. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे चित्र आपल्या कुणाच्या डोक्यातून निघालं नसतं. मला तुझा फार अभिमान वाटला.

पाणी पीत जा, गाढवा. इकडचा लोभ न सांगता वाढतो.

तुझी ताई


आर्विन, १५ जुलै

एडेल्मिरास,

गंमत पाहिली. मुकादमाने स्वतःच्या हाताने ती पाण्याच्या टाकीवर चिकटवली. खांब, रुमाल, सशाचे कान, खाली झोपलेला माणूस. एक अक्षर वाचावं लागलं नाही, अगदी तुला हवं तसं. तो हसला आणि ओळीओळीतून रुमाल शोधत निघाला. तोमासाकाकू सापडली. त्याने तिला गोड आवाजात सांगितलं, की काकू, सरकार म्हणतंय आराम करा, तर घरी जाऊन करा. उद्यापासून गाडी तुमच्या दारात थांबणार नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी ताई तिथे आहे हे मीच मिरवलं होतं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण ‘तुझ्यापाशीच ठेव’ एवढं तर नीट लिहिलं होतं ना?

लिब्रादो


साक्रामेंटो, २१ जुलै

चि. लिब्रादोस अ. आ.

रागाव, पण वाच. मी तुझं नाव कुठेही घातलं नाही. ‘तुझ्यापाशीच ठेव’ हे मी वाचलं होतं, विसरलेही नव्हते. वाटलं, एका टोळीला वाचवणारी गोष्ट साऱ्या खोऱ्याला का मिळू नये? सरकारी कागदावर रुमाल आला की मुकादमही त्याला मान देईल, असं वाटलं. तुमचं ऊन मी विसरले रे.

पेटीतून रुमाल काढून टाकला आहे. छापून गेलेले तक्ते मात्र परत येत नाहीत. त्या रिकाम्या जागी आता काय काढू? तूच सांग. काकूंची मी माफी मागते असं सांगशील का? लोभ तोडू नकोस, एवढंच मागणं.

ताई


आर्विन, ३ ऑगस्ट

एडेल्मिरास,

काकूला निरोप सांगितला. ती आता लोकांची मुलं सांभाळते. तिने मला आत बोलावलं नाही. दारातूनच म्हणाली की तुझ्या बहिणीची चित्रं छान असतात, मला पण कळली.

टोळीत आता कुणी रुमाल आणत नाही. पण परवा आमच्यातली एक पोरगी बराच वेळ दिसेना, आणि तिच्या पेट्या मात्र भरत होत्या. म्हणजे नवी खूण ठरली आहे. मी खांब पाहिले, वेली पाहिल्या, टोप्या पाहिल्या. मला काही दिसलं नाही. नासारियोमामाला विचारलं, तर म्हणाला, कसली खूण रे? ताईचा तक्ता बघ, त्यात सगळं असतं.

रिकाम्या जागी काय काढू, विचारतेस. मला ठाऊक नाही. काल दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून रुमालच बांधला आणि वेलीखाली पडलो. शेजारच्या ओळीत कात्र्या वाजत होत्या. उठलो तेव्हा माझ्या पेट्या होत्या तशाच रिकाम्या होत्या, आणि रुमाल सोडवून हातात घेतलेला मुकादम समोर उभा होता.

कळावे. लोभ असू दे; पण तो तरी तुझ्यापाशीच ठेव.

लिब्रादो