गाठ नाही, कोट आहे

नागपूर, मंगळवार

आदरणीय जिजाताईस,

धाकट्या संघपालचा (एका बाजूला कलून बसून केलेला) जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? उमरेडला थंडी फार असेल तर सकाळी शिलाई मशीनवर बसत जाऊ नकोस. माझ्या तब्येतीची चौकशी तू फोनवर दिवसातून चारदा करतेस, म्हणून तेच आधी लिहितो. ताई, मला गाठ नाही. पोटात नाही, कुठेच नाही आणि कधी नव्हतीही. मी बरा व्हावा म्हणून तू रविवारी विहारात परित्राणपाठ ठेवला आहेस, भंतेजींना बोलावलं आहेस, साऱ्या वस्तीला खिरीचं सांगितलं आहेस, आणि तुझी भावजय प्रीती म्हणते की दहा दिवसांपासून तुझ्या घशाखाली धड घास उतरत नाही. तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी जेव. पुढचं वाचल्यावर तू रागाने जेवशील की नाही, सांगता येत नाही. (हे फोनवरच सांगायचं होतं. तीनदा लावला. पण तू "कसा हायेस गा?" म्हटलं की माझ्या तोंडून "बरा हावो" एवढंच निघतं, आणि पुढचं सगळं पोटात राहतं. पोटात जागाही झाली आहे आता.)

मी जे करून घेतलं त्याला लायपोसक्शन म्हणतात. पोटाला बारीक भोकं पाडायची, आत नळी घालायची आणि चरबी ओढून काढायची. छप्पन्न वर्षांच्या माणसाला, त्यातही शाळेत पोरांना पीटी शिकवणाऱ्या माणसाला ही अवदसा का आठवली, असं तू विचारशील. कारण तुला माहीत आहे. सोनिकाच्या साखरपुड्याला मी तो निळा कोट काढला होता, माझ्या लग्नासाठी तू गांधीबागेतून कापड आणून शिवलेला. व्याह्यांसमोर बटण काजापर्यंत पोचेना. तू सरळ म्हणालीस, "राहू दे गा, उसवून देतो मी." तेवढं ऐकून गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण माझा ताठा! मी सगळ्यांदेखत म्हणालो की याचा एक टाकाही उसवायचा नाही, पोरीच्या लग्नात याच कोटात उभा राहीन. व्याही हसले. (ते काडीसारखे आहेत. अशा माणसांना हसणं सोपं जातं.)

मग महिनाभर पहाटे अंबाझरीला चालायला गेलो. जाणं चार किलोमीटर, येणं चार किलोमीटर, आणि मध्ये तर्री-पोह्याची गाडी. वजन एक किलोने वाढलं. शाळेत मी सावधान म्हटलं की सगळा वर्ग सावधान होतो, माझं पोट तेवढं विश्राममध्येच राहतं. शेवटी धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे गेलो. त्याने आरशासमोर उघडं उभं केलं आणि मी खो-खोचं मैदान आखतो तसं माझं पोट पेनाने आखलं. मग त्याने नीट, सावकाश समजावलं. हे वजन कमी करण्याचं काम नाही, आधी सूज येईल, खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतील, तोवर धीर धरावा लागेल. हे सगळं कागदावरही लिहिलं होतं. मी मान हलवत राहिलो आणि सही केली. लग्न सात आठवड्यांवर आहे हे ना त्याने विचारलं, ना मी सांगितलं.

शुद्धीवर आलो तेव्हा प्रीतीने मला बरणी दाखवली. आत पिवळं काहीतरी होतं, थिजलेल्या तुपासारखं. इतकी वर्षं मी जे सांभाळलं ते हेच का, असं वाटून मला जरा वाईटच वाटलं. घरी आल्यावर दोन दिवस भोकांतून गुलाबी पाणी झिरपत होतं. ते झिरपणारच, डॉक्टरने सांगितलं होतं. गादी खराब होऊ नये म्हणून प्रीतीने शाळेच्या क्रीडा महोत्सवाचा जुना फ्लेक्स अंथरला. त्यावर माझाच फोटो आहे, शिट्टी वाजवताना. दोन रात्री मी स्वतःच्या तोंडावर झोपलो. शिवाय छातीपासून मांडीपर्यंत आवळणारा एक घट्ट अंगरखा आहे, तो दीड महिना घालायचा. त्याचे हुक लावताना प्रीती माझ्या कमरेवर गुडघा ठेवते आणि लग्नापासूनचा सगळा राग काढते. तिसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. अंगरखा बसून काढा, चक्कर येते, असं बजावलं होतं. मी पीटीचा मास्तर, मी उभ्यानेच काढला आणि थेट बादलीत बसलो. बाहेर काढायला सोनिका, प्रीती आणि शेजारचे आनंदराव असे तिघं लागले. पोट आधी जांभळं होतं, मग हिरवं झालं, आता पिवळं आहे. कातडी बधिर आहे, खाजवलं तर शेजाऱ्याचं पोट खाजवल्यासारखं वाटतं. वजन केलं तर सुजेमुळे दीड किलो जास्त भरलं. अंगरखा धुवायला टाकला तर घालायला दुसरा हवा, म्हणून परवा सीताबर्डीला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "वहिनींचा साइज काय हाये, सर?" मी म्हटलं, माझ्याएवढाच.

आता खोटं कसं बोललो ते. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला आणि प्रीतीने तो माझ्या कानाला लावला. चरबी काढली म्हणायची लाज वाटली, आणि बोलून गेलो, "पोटात जराशी गाठ होती, काढली." पलीकडे तू कोणाला तरी पाणी मागितल्याचं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर प्रीती म्हणाली, "अवो, मामंजींलेही तेच झालं होतं ना?" तेव्हा मला आठवलं की आपल्या बाबांचं दुखणं याच शब्दाने सुरू झालं होतं. मी सात वर्षांचा होतो. तू सतराची होतीस, तीन महिने दवाखान्यात त्यांचा डबा नेत होतीस, आणि ते गेल्यावर मलाही तूच वाढवलंस. माझ्या लाजेपायी मी तुला पुन्हा तिथे नेऊन उभं केलं. ताई, मला याची फार लाज वाटते. पोटाची वाटत होती त्याहून जास्त.

शिक्षाही लगेच सुरू झाली. गाठ म्हटल्यावर सगळं नागपूर भेटायला आलं. आनंदरावांनी कळमन्यातून संत्र्यांची पेटी आणली, शाळेतल्या बायांनी डिंकाचे लाडू आणले, आणि मी खाल्ल्याशिवाय कोणी उठेना, कारण पेशंटला ताकद पाहिजे. खोटं बोललेला माणूस नाही कसं म्हणणार? नळीने गेलेलं तोंडाने परत येऊन राहिलं. रोज सकाळी वंदना घेताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसतो. प्रीती स्वयंपाकघरातून ओरडते, "जोरानं म्हणा!"

तर भंतेजींना सांग की भाऊ ठणठणीत आहे, फक्त मूर्ख आहे, आणि रविवारचा पाठ रद्द कर.

पोटाने नाही, पण मनाने थोडा हलका झालेला,
तुझा संघपाल

ता. क. प्रीतीने पत्र वाचलं. ती म्हणते की पाठ रद्द करू नका, लोकांना खीर सांगितली आहे. खोटं तुम्ही बोललात तर खरंही तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. तेव्हा रविवारी सकाळी येतो. विहारात उभा राहून सांगेन. (बसता नीट येत नाही, तेवढं बरंच आहे.)

ता. क. दुसरा. काल अंगरख्यावरून कोट घालून पाहिला. बटण जिथे होतं तिथेच, चार बोटं लांब. मग इस्त्रीसाठी प्रीतीने अस्तर उलटं केलं, तर आत दोन्ही बाजूंच्या शिवणींत तू भरपूर कापड सोडलेलं, दुमडून, हाताने बारीक टीप घालून ठेवलेलं. तीस वर्षांपूर्वी! तेव्हा मी व्याह्यांपेक्षाही बारीक होतो आणि तू माझ्या पोटाची सोय करून ठेवली होतीस. मला कधी बोललीही नाहीस. रविवारी कोट सोबत आणतो. उसव, ताई. जितके टाके उसवायचे तितके उसव, मी व्याह्यांना स्वतः सांगेन. फक्त मशीनवर बसायच्या आधी माझ्यासमोर पोटभर जेव.