अकरावी धुलाई

४ ऑक्टोबर १९९३
आलो बाई एकदाचे इंदूरला. ग्वाल्हेरपासून सुरभीनं "अजून किती, अजून किती" करून डोकं खाल्लं, आणि स्टेशनाबाहेर शेव घातलेले पोहे दिसताच गुमान बसली. सहा वर्षांची आहे, पण भूक हमालाची.

मिलच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय, पुढे कडुनिंब. मिल दोन वर्षांपूर्वी बंद पडली. भोंगा मुका झालाय, चिमणीवर पिंपळ उगवलाय. तिच्या रंगखात्यात आता रघुवीरजींचा प्लेटिंगचा कारखाना आहे. नळाच्या तोट्या आणि सायकलींची हँडलं यांना निकेल-क्रोमचा मुलामा देतात. ते विषारी पाणी सरळ नाल्यात सोडायचे, म्हणून सरकारी नोटीस आली आणि म्हणून मी आले. सुरभीचे बाबा, दिवाकर, गेल्यापासून दोन वर्षं शिकवण्याच केल्या. माझ्या एम.एस्सी.ला शेवटी कोणीतरी विचारलं, याचाच आनंद.

९ ऑक्टोबर
माल सापडला, तोही फुकट. मिलच्या गोदामात रुईचा कचरा छतापर्यंत पडलाय, साठ वर्षांची झाडलोट. ॲसिडात भिजवून भट्टीत भाजली की ती काळी होते आणि पाण्यातला धातू तिला चिकटतो. भाजल्याशिवाय ती काही कामाची नाही, आगीतून निघाली की तिची भूक खुलते, असं मी रघुवीरजींना समजावलं. ते म्हणाले, मॅडमजी, फिर तो ये भी इंदौरी है, खाने की शौकीन.

चौकीदार मालोजीकाका मराठीच आहेत. तीस वर्षं इथं रुई पिंजली, छातीत खोकला घेऊन बसलेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताई, दुसरं काहीपण घ्या, ती रुई राहू द्या. मी म्हटलं, काका, कचराच तर आहे.

१८ ऑक्टोबर
एकदम मस्त. पिंपात काळी रुई भरली, वरून मुलाम्याच्या टाकीचं पाणी सोडलं. खालून निघालेल्या पाण्यात औषधाचा थेंब टाकला. क्रोमियम असतं तर जांभळं झालं असतं. झालं नाही.

खरी गंमत पुढेच. रुई भरली की ॲसिडनं धुवायची. मग ती धरलेला सगळा धातू सोडते, तो परत टाकीत जातो आणि रुई पुन्हा वापरायला तयार. प्रत्येक धुलाईला तिची ताकद थोडी घटते. दहा धुलाया झेपल्या तरी पुष्कळ.

२२ ऑक्टोबर
शहरात नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण आमच्या आवारात नाही. इथं बोरिंग. त्यात लोह इतकं की चहा शाईसारखा होतो. आज माझी अक्कल घरी वापरली. माठाच्या तळाला भोक पाडलं, फडक्यात दोन मुठी काळी रुई बांधून बसवली, खाली दुसरा माठ. चहा सोनेरी झाला. सुरभी म्हणाली, पाणी गोड लागतं. लगोलग दोन पेले प्यायली. मी मात्र कारखान्याचा चहा पिऊनच पोट भरते.

६ नोव्हेंबर
सहावी धुलाई. रुईची ताकद घटायला हवी होती. वाढलीय. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. रघुवीरजी खूश आहेत, पेढे वाटले. मी हसले खरी, पण हे असं होत नसतं. पिंपाची लोखंडी कडीपण पातळ झालीय. गंज नाही, नुसती झिजलीय. चोखून टाकलेल्या गोळीसारखी.

१६ नोव्हेंबर
दिवाळी झाली. सुरभीनं चकलीला हात लावला नाही. स्नेहलतागंजला शोभनामावशीकडे भाऊबीजेला गेलो, तिथंही नुसती झोपून होती. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, शहरात तेवढंच माझं माणूस. तिनं पोरीची पापणी उलटून पाहिली आणि मला तशीच डॉक्टरकडे पिटाळलं. हिमोग्लोबिन सहावर आलंय. लोहाचं टॉनिक दिलंय.

मी आई आहे की कोण. इतके दिवस मला दिसलं कसं नाही.

२० नोव्हेंबर
टॉनिकची बाटली संपली. रक्त पाच. आज घरी आले तर ती खिडकीचे गज चाटत होती. विचारलं तर म्हणाली, आत कोणाला तरी पाहिजे.

२३ नोव्हेंबर
दहावी धुलाई. ॲसिड जसं ओतलं तसंच खाली आलं, स्वच्छ. पाच तास भिजवली. तरी नाही. रुई आता सोडत नाही.

मालोजीकाकांना धरून विचारलं. ते म्हणाले, की ती रुई माणसांवर वाढलीय. सगळ्यांच्या छातीत गेली, रक्तात गेली. चार हजार माणसं होती तेव्हा प्रत्येकाचं थोडं थोडं घ्यायची, खोकल्यावर भागायचं. मिलला टाळं लागलं, माणसं गेली, ती उपाशी राहिली. आता एकच मिळालं तर सगळं त्याच्याकडूनच घेणार.

मी घरी धावले. माठ फोडला. फडकं रिकामं होतं. दोन मुठी रुई बांधली होती मी, माझ्या हातानं. फडक्यात एक धागा नाही.

ती सुरभीच्या पोटात आहे.

२७ नोव्हेंबर
मोठं इस्पितळ. दोन बाटल्या रक्त चढवलं. रात्री आठवर गेलं, सकाळी पुन्हा चारवर. डॉक्टर मलाच विचारतात, रक्त जातं कुठं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मावशीला बाहेर बोलावून सांगितलं, की आईला विश्रांतीची गरज आहे. मी पाय धरले त्यांचे. शिकलेली बाई मी, पाय धरले.

२९ नोव्हेंबर
घरी आणलं. मावशी आमच्या जेवणाचं बघायला जाऊन-येऊन आहे. सुरभी मेणासारखी झालीय. विचार करतेय, दुसरं काही सुचत नाही — रुईतून सोडवायचं तर एकच गोष्ट. ॲसिड. दहा वेळा मी तेच केलं. अकरावी धुलाई —

आणलेली ॲसिडची बाटली फोडून टाकली. माझ्या पोरीची मी —

देवा, मी फक्त चहा चांगला व्हावा म्हणून —

१ डिसेंबर
बाटलीची काच उचलताना अंगठा कापला होता. आज तिला भरवताना तो हात तिच्या ओठांशी होता. तोंडातून काळा धागा आला. केसाएवढा. थांबला, मग वळला, माझ्या अंगठ्याच्या जखमेत गेला. दुखलं नाही. नुसती ओढ.

साधं आहे. जिथं लोह जास्त, तिकडे ती जाते. सुरभीत आता काही उरलं नाही. माझ्यात आहे.

२ डिसेंबर, सकाळ
बोरिंगचं पाणी पितेय, तांब्यामागून तांब्या. अंगठा तिच्या ओठांशी. धागे येताहेत — झुबक्यानं.

ओठ गुलाबी झाले. तिनं पोळी मागितली. दोन खाल्ल्या, गुळाशी. मी रडले, तर म्हणाली, आई, तिसरी पण.

२ डिसेंबर, दुपार
सगळी आली. शेवटचा धागा मी मोजला. ती अंगणात पळतेय. माझी नखं काळी — डावा हात उचलवत नाही —

मालोजीकाकांना सांगितलं, तिला मावशीकडे न्या. आता ती तिथंच राहील. मला शिवू देऊ नका. काका रडले. म्हणाले, काळजी करू नका ताई, तुमचं सगळं मी रीतीनं करीन. अग्नी देईन, अस्थी स्वतः नर्मदेत सोडीन. मी हात जोडले. बरं वाटलं.

गेले दोघं. काकांच्या सायकलची घंटा वाजवत होती ती. मागे वळून हात —

थांबा

काका, थांबा. आवाज निघत नाही —

अग्नी नको. भाजल्याशिवाय ती कामाची — मीच सांगितलं होतं — आगीनं तिची भूक —

नर्मदा नको. मावशी, हे वाच — नर्मदेत नको — तुझ्या नळाला तेच पाणी, सुरभी तेच प्य