शुक्रा अधिक चार

१२ मार्च १९८८, शनिवार

नोकरी लागली! शिळफाट्याच्या पुढच्या पेपर मिलमध्ये, कंप्युटरवर. गजादादा तिथंच आहे, त्यानंच साहेबांकडे शब्द टाकला. आधी कान्हा म्हणून कोणी होता, तो आजपासून येत नाही म्हणे. काल दुपारी मिलचा बॉयलर फुटला. लगद्याच्या हौदावरची अख्खी भिंत बसली, पत्रे ओढ्यापलीकडे उडाले. पण माणूस एकही गेला नाही. नशीब!

पहिलंच काम – कालच्या पाळीचं मस्टर नव्यानं टाइप करायचं. आधीची फाइल खराब झालीय. दादा हजेरीवहीतून नावं वाचत होता, मी बडवत होते. एक्केचाळीस नावं, एक चूक नाही! दहाचा चहा येईपर्यंत काम खलास. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." कल्याणला सहा महिने क्लासला हेलपाटे घातले त्याचं चीज झालं.

दादा संध्याकाळी सायकल ढकलत घरी आला. चेन तुटली म्हणे. तरी खुशीत होता, साहेब त्याला सुपरवायझर करतायत.

१४ मार्च

फाटकाशी एक बाई बसलीय. कोंडी. कर्जतकडच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीची. तिचा नवरा शुक्रा लगदा उपसायला यायचा. शुक्रवारी आला तो घरी गेलाच नाही. साहेब म्हणतात, तो त्या दिवशी कामावर नव्हता, मस्टर बघा. मस्टर मीच छापून दिलं. त्यात शुक्रा नाही.

वॉचमननं तिला केसांना धरून फरफटत रस्त्यापलीकडे टाकलं. कोपरं सोलली. उठली आणि परत तिथंच येऊन बसली!

दादा म्हणाला, "पिऊन पडला असंल कुठं. तू लक्ष घालू नको गं." आत हौद बुजवायचं काम चाललंय. ट्रकवर ट्रक माती.

१५ मार्च

साहेब जेवायला गेले आणि कोंडी मागच्या दारानं थेट माझ्यापुढे. कमरेचं फडकं सोडून तिनं एक फ्लॉपी काढली. घामानं ओली.

"कान्हाभाऊनं दिली. शुक्करवारी सांजचं. म्हनला, तुजी मानसं हायती यात, जपून ठेव. उघड."

पुसून लावली. आत एकच फाइल, मस्टर डॉट आर्क. फाइल वाचायची 'टाइप' कमांड दिली. पडदाभर कचरा! हसरी तोंडं, पत्त्यांतले बदाम, वाकड्यातिकड्या रेघा, आणि मशीन टीं टीं करून बोंबलायला लागलं. म्हटलं, "खराब झालीय बाई. काही नाही यात."

खाडकन थोबाडीत बसली माझ्या. कान अजून घुमतोय. मीही हात उचलला होता. तिला दोन ठेवून द्याव्यात असंच वाटलं, खोटं कशाला लिहू! पण ती रडत नव्हती. नुसती त्या पडद्याकडे बघत होती. मग हात खाली आला.

फ्लॉपी माझ्याकडेच राहिली.

१६ मार्च

पहिलीही फाइल खराब, हीही खराब? कान्हाला गाठायलाच हवं.

१७ मार्च

कान्हा दवाखान्यात आहे. जबडा तारेनं बांधलेला. एक डोळा गेला. बोलता येत नाही, कागदावर लिहितो.

फ्लॉपी दाखवली तशी त्या एका डोळ्यातून घळाघळा पाणी. लिहिलं – खराब नाही. दाबून बांधलीय. एकीत पुष्कळ फाइली. अशी वाचता येत नाही, आधी सोडवावी लागते. मी म्हटलं, "वळकटीसारखी?" मान हलवली. गादी, चादर, उशी सगळं आवळून दोरी घातली की बाहेरून एकच गठ्ठा. कुठं काय ते कळत नाही. सोडवणारा प्रोग्राम वेगळा असतो, तो ऑफिसच्या कपाटात, निळ्या डब्यातल्या फ्लॉपीवर. आणि शेवटी दोनदा रेघ मारून – रिकामी फ्लॉपी घे. सुटली की फुगते.

कोणी मारलं, विचारलं. त्यानं भिंतीकडे कूस वळवली. सदरा वर सरकला. पाठभर वळ. कडी, कडी, कडी. सायकलच्या चेनचे.



१८ मार्च

मूर्ख मी! घाईत त्याच फ्लॉपीवर सोडवायला गेले. जागा नाही, म्हणालं मशीन. तेवढ्यात वीज गेली. मूळ फाइल शाबूत राहिली, हेच पुष्कळ.

दादाची सायकल अजून भिंतीला टेकवलेली. चेनशिवाय.

१९ मार्च

सुटली! रिकामी फ्लॉपी घातली, कमांड दिली, आणि एकेक नाव पडद्यावर उतरत गेलं. दोन फाइली निघाल्या. एक फाटकाची नोंद – वाडीची माणसं आत पाच, बाहेर कोणी नाही. दुसरी मस्टर. तारीख अकरा मार्च, संध्याकाळी सहा वीस. माणसं गेली त्याच दिवशी कान्हानं बांधून ठेवलं होतं सगळं.

ओळी बेचाळीस. शेवटची – शुक्रा अधिक चार.

वाडीच्या माणसांची नावं लिहायची मिलमध्ये पद्धतच नाही. टोळीच्या म्होरक्याचं नाव आणि आकडा. आकड्याला कोण विचारतो, बाबा तू कोण? पाच माणसं हौदात जिवंत उकडली आणि वर माती लोटली. त्यांची ओळ पुसणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत. खांद्यापासून!

२० मार्च, रविवार

वाडीवर गेले. कोंडीला म्हटलं, "शुक्रा आहे यात. बरोबरचे चार कोण?"

"कमळ्या. गोमा. चिंधी."  मग माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. "ठकी. माजी पोर. पंधरावं चालू व्हतं."

मी सगळी पाच नावं लिहून घेतली. ती म्हणाली, "मारलं तुला त्या दिशी. इसर गं बाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर असंच येणार.

मला कुठं दम धरवतो! सकाळी दादा दात घासत होता, तोंडावरच विचारलं, "चेन कुठं तुटली रे? कान्हाच्या पाठीवर?" त्यानं माझा उजवा हात दाराच्या चौकटीत घातला आणि दार आपटलं. दोनदा. तीन बोटं गेली. आई किंचाळली. त्याच्यावर नाही, माझ्यावर! "भाऊ हाय तो तुजा! पोट भरतोय आपलं!"

जाताना तो हसला. "मिलच्या मस्टरची तारीख बघ हिरे. मग सांग कुनाचं हात तोडायचं ते."

वही वाचलीय त्यानं माझी.

२२ मार्च

मिलमध्ये जाऊन बघितली. घरी गेले नाही. वही, फ्लॉपी जवळच होत्या, सरळ वाडीवर.

२३ मार्च

मिलच्या मस्टरवर बारा मार्च, सकाळी नऊ पंचावन्न. दहाच्या चहाच्या आधी. दादानं ती ओळ वाचली नाही, मी ती लिहिली नाही, आणि हजेरीवहीत एकदाही डोकावले नाही. एक चूक नाही!

फॅक्टरी इन्स्पेक्टर उद्या कर्जतला येतोय. त्याला फ्लॉपी देणार. या वहीचं पहिलं पानही.

दादा माणसं घेऊन निघालाय, असा निरोप आला. कोंडी कोयता घेऊन दारात बसलीय, माझी राखण करत. वाचता येत नाही तिला. पान फाडण्याआधी मी ते तिला वाचून दाखवणार आहे.